त्या काळ्या अळ्यांना हात लावू नका : गुलाब, जास्वंद आणि त्यांच्यावरचे किडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा, म्हणजे झाडाचा रस पिणारे बारीक किडे, दाटलाय, मुंग्यांची ये-जा चालू आहे आणि गेल्या दोन दिवसांत त्यातच काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या दिसू लागल्यात. काही पानांच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या गोल गेल्यात. जास्वंदीच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं साठलंय आणि कळ्या उमलायच्या आधीच गळतात. या सगळ्यावर चालेल असं एकच औषध कोणतं?

सगळ्यावर चालणारी औषधं पुष्कळ आहेत, अडचण तीच आहे. तुम्ही लिहिलेल्या यादीतले दोघे जण तुमचे मित्र आहेत आणि असं औषध मारलं की आधी तेच जातील. तेव्हा एकेक वेगळं करून बघू.

त्या काळ्या अळ्या म्हणजे ढालकिड्याची, लेडीबर्ड बीटलची पोरं. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा गोल किडा सगळ्यांना ओळखता येतो आणि आवडतोही. त्याची अळी मात्र मगरीच्या पिल्लासारखी दिसते. पुढच्या भागाला सहा लांब पाय, मागे निमुळती होत गेलेली, अंगभर बारीक काटे. ती बघून माणूस हमखास चिमट्यात धरतो नाहीतर चप्पल उचलतो. एक भिंग घेऊन दहा मिनिटं तिच्यासमोर बसा. ती माव्याच्या गर्दीत डोकं खाली घालून चालते आणि धडक बसेपर्यंत तिला शिकार दिसतेय असं वाटतच नाही. धडक बसली की ती माव्याला जबड्यात पकडते, कधी पानावरून उचलून धरते, त्याचे पाय हवेत हलत राहतात. लहान अळी आतला रस ओढून घेते आणि रिकामी कातडी टाकून देते, मोठी झालेली अळी सगळाच चावून खाते. वाढीच्या दोन-तीन आठवड्यांत एक अळी काहीशे मावे सहज फस्त करते. मग ती पानाला शेपटाकडून चिकटते आणि कोष करते. कोष नारिंगी-काळा, वाटाण्याच्या अर्ध्याएवढा, बोट लावलं तर टुणकन उठून परत बसतो. हे कोष 'पानावर रोग आलाय' म्हणून पानासकट तोडून टाकणारे लोक मी कितीतरी पाहिलेत. पानांच्या मागे उभ्या रचून ठेवल्यासारख्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तोही यांचाच.

एक अपवाद माहीत असू द्या. ढालकिड्यांच्याच घराण्यात पानं खाणारे भुंगेरेही आहेत. वांगी, बटाटा आणि त्यांच्या जातभाईंच्या पानांवर ते बसतात आणि पानाची चाळणी करून टाकतात. त्यांची पाठ मळकट, बारीक लव असलेली, आणि ठिपके अठ्ठावीसपर्यंत. मावा खाणाऱ्यांची पाठ पॉलिश केल्यासारखी चकचकीत असते. गुलाबावर माव्यात फिरणारा म्हणजे मित्रच समजा.

भिंग हातात आहेच तर आणखी तीन गोष्टी शोधा. केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर टांगलेलं पांढुरकं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं. हिरव्या अंगाचा, जाळीदार पंखांचा हा नाजूक किडा रात्री दिव्याभोवती येतो. याच्या अळ्या भूक लागली की भावंडांनाही सोडत नाहीत, देठावरच्या अंड्यांपर्यंत त्यांना सहज पोचता येत नाही. दुसरं, माव्यात पडलेली बिनपायांची, हिरवट, जळूसारखी अळी. ती सिरफिड माशीची. ही माशी मोठी झाली की मधमाशीचा वेश घालून फुलांसमोर हवेत एका जागी थबकते. तिला दोनच पंख असतात, मधमाशीला चार. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. हिरव्या माव्यांत एखादा फुगलेला, कागदासारखा बदामी मावा दिसेल, हलवला तरी न हलणारा. त्याच्या पोटात अफिडियस नावाच्या, मुंगीहून बारीक माशीनं अंडं घातलं होतं. आतली अळी त्याला पोखरून मोठी झाली, त्याच्याच पोकळ कातडीत तिनं कोष केला, आणि मागे गोल झाकण कापून ती बाहेर पडते. असे भोक पडलेले बदामी मावे दहा-वीस दिसले तर फवारणीचा विचार सोडून द्या, काम चालू आहे.

मग मावा वाढतोच कसा, हे मित्र असतील तर? उत्तर वेळापत्रकात आहे. उबदार हवेत मावा नराशिवाय, अंड्याशिवाय, थेट पिल्लं घालतो. आईच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटातही पुढची पिढी तयार होत असते. पिल्लू आठवड्याभरात आई होतं. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि खायला पुरेसा मावा दिसल्याशिवाय त्याची मादी अंडी घालत नाही. म्हणजे मावा पुढे, खाणारे मागे, आणि मध्ये एक-दोन आठवड्यांचं अंतर, हा नेहमीचा क्रम आहे. आपण नेमके त्याच अंतरात घाबरतो. फवारा मारतो, मावा मरतो, नुकतेच आलेले खाणारेही मरतात. कुठल्या तरी पानामागे वाचलेले दोन-चार मावे आठवड्याभरात पुन्हा शेंडा भरून काढतात. खाणाऱ्यांना मात्र सुरुवातीपासून यावं लागतं.

हे मी स्वतः करून भोगलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गुलाबांच्या एका लांब वाफ्यावर मावा दिसला म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक मारलं. चार दिवसांत शेंडे स्वच्छ, मी खूश. उन्हाचे दिवस होते. तिसऱ्या आठवड्यात पानं धुळकट, तांबूस दिसू लागली. धूळ असेल म्हणून पुसायला गेलो तर पानामागे बारीक जाळं आणि त्यात फिरणारे लाल ठिपके. लाल कोळी. तो कीटकसुद्धा नाही, आठ पायांचा आहे. माझ्या औषधानं त्याला फारसं काही झालं नव्हतं, पण त्याला खाणारे भक्षक कोळी मात्र साफ झाले होते. माव्यानं चार शेंडे वाकडे केले असते, लाल कोळ्यानं अर्धा वाफा निष्पर्ण केला.

अशी चूक फार मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. १८८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका पांढऱ्या खवले किडीनं संपत आणल्या होत्या. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं, त्यांनी तिथून वेडालिया नावाचा लाल-काळा ढालकिडा धाडला आणि वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली. बागायतदार तिला जवळजवळ विसरले. १९४०च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं, ते बागांत फवारलं गेलं, वेडालिया मेला आणि खवले कीड परत उसळली.

आता मुंग्या. त्या मावा खात नाहीत, राखतात. मावा झाडाचा रस इतका पितो की जास्तीची साखर मागच्या बाजूनं चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. मुंग्या तो थेंब पितात आणि बदल्यात ढालकिड्याच्या अळ्यांना, क्रायसोपाला हुसकावून लावतात. तोच चिकटा खालच्या पानांवर सांडला की त्यावर काळी काजळी धरते. म्हणून माव्यावर उपाय करताना पहिला हात मुंग्यांना घालावा. खोडाला कागदाची किंवा कापडाची पट्टी गुंडाळा आणि त्या पट्टीवर चिकट पदार्थ लावा, सालीवर थेट नको. झाडाची एखादी फांदी भिंतीला, काठीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर ती सोडवा, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात आणि पट्टी शोभेची राहते. वाट बंद झाली की आठवड्याभरात फरक दिसतो.

मावा फारच दाटला असेल तर सकाळी पाण्याची जोरदार धार शेंड्यांवर मारा, दुसऱ्या हातानं शेंडा मागून धरून. खाली पडलेल्या माव्यातला फार थोडा परत वर चढू शकतो. तीन दिवसांनी पुन्हा. अळ्या असलेले शेंडे सोडून द्या. आणि खताकडे बघा. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत, पाणीदार येते आणि माव्याला तीच हवी असते. युरियासारखं खत नुकतंच घातलं असेल तर माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

गोल कापलेल्या पानांची भानगड सगळ्यात सोपी. ते काम पानकापू माशीचं. ही एकटी राहणारी मधमाशी आहे, पोळं नाही, राणी नाही. पानाच्या कडेला बसून ती जबड्यांनी अर्ध्या मिनिटाच्या आत गोल तुकडा कापते, पायांत धरून उडते आणि एखाद्या पोकळ काडीत किंवा भोकात त्या तुकड्यांच्या विड्या वळून त्यात परागाचा गोळा आणि एक अंडं ठेवते. पान ती खात नाही. त्यामुळे पानावर विष मारून तिचं काही बिघडत नाही, बिघडतं ते फुलांवर बसणाऱ्या इतरांचं. गुलाबाला चार अर्धवट पानांनी काही होत नाही. प्रदर्शनात फुलं ठेवायची असतील तर त्या फांदीवर पातळ जाळी टाका, बास. खरी पानं खाणारी अळी असेल तर तिचे काप वेडेवाकडे असतात आणि खाली काळ्या दाण्यांसारखी विष्ठा पडलेली असते.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, पण एकदा नीट बघून खात्री करा. पिठ्या ढेकणावर जगणारा क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा आहे आणि त्याच्या अळीच्या अंगावरही मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या असतात, जणू मेंढ्यांत शिरलेला लांडगा. फरक असा की पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा आणि जवळपास जागचा हलत नाही. ही अळी वाढली की सेंटिमीटरच्या वर जाते, झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या, आणि काडीनं डिवचली तर चटचट चालायला लागते. अशा अळ्या दिसल्या तर जास्वंदीला हात लावू नका.

नसतील तर मात्र हातानं काम करावं लागेल. पिठ्या ढेकणाच्या अंगावरच्या मेणामुळे फवारा ओघळून जातो, म्हणून लोक औषध बदलत राहतात आणि कीड तशीच राहते. वळलेले, गुच्छ झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करून फेका. बेचक्यांतल्यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा, मेण विरघळतं आणि किडा तपकिरी पडतो. ते कोवळ्या पानांवर सांडू देऊ नका. सात-आठ दिवसांनी पुन्हा हेच, कारण कापसाच्या पिशवीतली अंडी पहिल्या वेळी वाचतात. तिसऱ्या वेळी कंटाळा करू नका. मुंग्यांची पट्टी इथेही लागेल, पिठ्या ढेकणालाही त्याच राखतात.

कळ्या गळणं हा वेगळा प्रश्न आहे आणि पिठ्या ढेकणाशी त्याचा संबंध असेल किंवा नसेलही. गळलेल्या पाच-सहा ताज्या कळ्या उचला आणि पांढऱ्या कागदावर उभ्या चिरा. आत बारीक पिवळसर पांढऱ्या अळ्या वळवळत असतील, कधी कधी त्या उडीही मारतात, तर ती कळीमाशी. मिजमाशी म्हणतात ती हीच. तिच्या अळ्या कळीतून निघून मातीत कोष करतात, त्यामुळे वरून केलेली फवारणी जवळपास वाया जाते. तिच्यासाठी रोज सकाळी गळलेल्या कळ्या वेचायच्या, पिवळ्या पडू लागलेल्या झाडावरच्याही तोडायच्या आणि बंद पिशवीत टाकायच्या, कंपोस्टमध्ये नाही. तीन-चार आठवडे नेमानं वेचलं की साखळी तुटते. मोगऱ्याच्या कळ्या खराब करण्यातही हीच माशी असते, तेव्हा मोगरा जवळ असेल तर तोही तपासा.

आत अळ्या नसतील तर उमलू पाहणारी एक कळी कागदावर झटका. सुताच्या तुकड्याएवढे, पिवळे किंवा काळपट किडे पळताना दिसले तर फुलकिडे. ते पाकळ्या खरवडून रस पितात. त्यांची संख्या किती आहे ते पाहायला निळा चिकट कार्ड लावता येतो, पांढरी माशी आणि पंख फुटलेला मावा पिवळ्याला येतात. पण कार्ड हे मोजमापासाठी, सापळा म्हणून बागभर टांगू नका. बारीक परोपजीवी माश्याही त्यावर चिकटून मरतात. आणि कळीत काहीच नसेल तर किडे निर्दोष आहेत. कुंडी एकदा कडक वाळली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं तरी जास्वंद कळ्या टाकून देते.

आता औषधाचं. कधीच मारू नका असं मी म्हणत नाही. पाण्यानं आटोपलं नाही तर पोटॅशियम साबणाचं द्रावण, लिटरला १० मिली, किंवा बाटलीवर लिहिलेल्या मापानं. साबण फक्त ज्याच्या अंगाला लागतो त्यालाच मारतो, वाळला की संपला. म्हणून पानामागे नीट भिजवावं लागतं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मित्रांना तो बाधत नाही. कपड्यांचा डिटर्जंट नको, तो पानं जाळतो. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. कडुनिंबाचं औषध वेगळ्या रीतीनं चालतं. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, त्यामुळे परिणाम दिसायला चार-सहा दिवस जातात. लोक दुसऱ्या दिवशी किडे जिवंत बघून 'कडुनिंबानं काही होत नाही' म्हणतात. १०,००० पीपीएमचं असेल तर लिटरला २ ते ३ मिली, संध्याकाळी, कारण उन्हात ते लवकर निकामी होतं आणि संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात.

इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं फुलझाडांना मी अजिबात सुचवत नाही. ती मुळांतून किंवा पानांतून शिरून झाडभर पसरतात, आणि झाडभर म्हणजे मकरंदात आणि परागातही. युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. 'सेंद्रिय' शब्दावरही डोळे झाकून जाऊ नका. पायरेथ्रम शेवंतीच्या एका बहिणीच्या फुलांतून निघतं, अगदी नैसर्गिक आहे, आणि अंगावर पडलं तर मधमाशीला तितकंच मारतं.

राहिलं मित्रांना टिकवणं. ढालकिड्याची अळी मावा खाते, पण सिरफिड माशी, अफिडियस आणि बहुतेक क्रायसोपा मोठे झाल्यावर पराग आणि मकरंदावर असतात. त्यांची तोंडं आखूड, म्हणून फुलं उथळ हवीत. बडीशेप, शेपू, कोथिंबीर यांची चार-दोन रोपं उपटू नका, फुलू द्या. त्यांच्या छत्रीसारख्या तुऱ्यांवर दुपारी बसून बघा, इतक्या जातींच्या बारीक माश्या दुसऱ्या कुठल्याच फुलावर दिसणार नाहीत. ॲलिसम, कॉसमॉस, तुळस, एकेरी झिनिया हीसुद्धा चांगली. एकेरी शब्द महत्त्वाचा. भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग नावापुरता आणि वाट बंद. तुमचे गुलाब भरगच्च जातीचे असतील तर माश्यांच्या दृष्टीनं ती रिकामी ताटं आहेत, म्हणून त्यांच्याजवळ दुसरं काही फुलतं ठेवा. रंगात निळा, जांभळा, पिवळा आणि पांढरा घ्या. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. निळा मात्र ती छान ओळखते, हे मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांनी करड्या कार्डांत एक निळं कार्ड ठेवून, त्यावर साखरपाणी देऊन दाखवलं होतं.

झेंडूबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच की सगळीकडे झेंडू लावा, किडी पळतात. झेंडूच्या मुळांतून निघणारं रसायन मातीतल्या काही सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक कृमींना, मारतं, एवढं खरं. वासानं मावा पळत नाही, आणि लाल कोळ्याला तर झेंडू इतका आवडतो की उन्हाळ्यात मी गुलाबाशेजारी तो लावायचंच सोडलंय.

तर आज एवढंच करा. मुंग्यांची पट्टी बांधा, जास्वंदीचे वळलेले शेंडे कापा, आणि गुलाबाचे तीन शेंडे दोऱ्यानं खूण करून त्यांवरचे मावे अंदाजे मोजून लिहून ठेवा. अळ्या आणि बदामी मावेही मोजा. आठ दिवसांनी पुन्हा त्याच तीन शेंड्यांवर मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा. सोबत गळलेल्या कळ्या चिरल्यावर आत काय निघालं तेही लिहा, जास्वंदीचं पुढचं त्यावर ठरेल.